जिनिव्हाच्या काठावर निपाणीची तंबाखू

सीमाभागातील एखादे कुटुंब युरोपच्या सहलीला निघाले, की त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वित्झर्लंड असतेच. टिटलिस, ल्युसर्न, इंटरलाकेन, युंगफ्राऊ ही नावे बेळगावच्या टिळकवाडीत आता कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत; त्याचे बरेचसे श्रेय हिंदी चित्रपटांना द्यावे लागेल. जिनिव्हाच्या वाट्याला मात्र या सहलीत फार तर दोन तास येतात. बस सरोवराच्या काठी थांबते. उंच उडणाऱ्या कारंज्यासमोर छायाचित्रे निघतात, फुलांच्या घड्याळापाशी आणखी काही निघतात, चॉकलेटची खरेदी होते आणि बस पुढच्या मुक्कामाला लागते.

हे दोन तास वाया जातात असे नव्हे. तथापि ज्या गावाच्या वखारींत पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू चाळली गेली आणि ज्याच्या अंगणांत विड्या वळल्या गेल्या, त्या निपाणीहून आलेल्या माणसाने जिनिव्हा एवढ्यावर उरकावे, हे काहीसे विपरीत वाटते. कारंज्यापासून ट्रामने अर्ध्या तासाच्या आत गाठता येतील अशा इमारतींमध्ये या पिकाचा, ते पिकवणाऱ्यांचा आणि ते वळणाऱ्या हातांचा विचार झालेला आहे. त्यातून निघालेले नियम निपाणीच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचले आहेत. म्हणून सरोवर पाहावेच; पण त्यानंतर पाठ फिरवून शहराच्या उत्तरेकडील चढावरही जावे.

आधी सरोवर

ज्याला जग लेक जिनिव्हा म्हणते त्याला स्थानिक फ्रेंच भाषक ‘लाक लेमाँ’ म्हणतात, आणि सरोवराला एकट्या जिनिव्हाचे नाव दिलेले काठावरच्या इतर गावांना फारसे आवडत नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोवा राज्याच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाएवढे. लांबी सत्तर किलोमीटरहून थोडी अधिक. बेळगावहून महामार्गाने निपाणीला जाताना जेवढे अंतर तोडावे लागते, साधारण तेवढीच. सर्वांत खोल ठिकाणी तळ ३१० मीटरवर लागतो. उत्तरेचा किनारा स्वित्झर्लंडचा, दक्षिणेचा बहुतांशी फ्रान्सचा. आल्प्सच्या हिमनद्यांतून आलेली ऱ्होन नदी पूर्वेच्या टोकाला सरोवरात शिरते आणि पश्चिमेच्या टोकाला, नेमकी जिनिव्हा शहराच्या मध्यातून, बाहेर पडते. शहराची वस्ती सुमारे दोन लाख. लोकसंख्येने ते स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या खालोखाल असले, तरी बेळगावहून लहानच आहे.

कारंज्याची कथा सांगण्याजोगी आहे, कारण ते मुळात शोभेसाठी उभारलेलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिनिव्हात ऱ्होनच्या प्रवाहावर पंप चालवून दाबाचे पाणी नळांतून कारागिरांच्या कारखान्यांना पुरवले जाई. त्या दाबावर यंत्रे चालत. संध्याकाळी कारागीर काम थांबवून नळ बंद करीत आणि जलवाहिन्यांतील दाब एकाएकी वाढे. तो वाढीव दाब सोडून देण्यासाठी १८८६ मध्ये एक झडप बसवण्यात आली आणि तीतून पाण्याचा फवारा उंच उडू लागला. लोकांना ते दृश्य आवडले. १८९१ मध्ये, स्विस संघराज्याच्या सहाशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने, फवारा सरोवरात हलवण्यात आला. आजचा फवारा १९५१ पासूनचा. सेकंदाला ५०० लिटर पाणी ताशी २०० किलोमीटर वेगाने सुटते आणि १४० मीटर उंच जाते. वारा सुटला की तो बंद करतात. तेव्हा छायाचित्र हुकल्याबद्दल कुणाला बोल लावू नये. बेळगाव जिल्ह्याच्या वाचकाला येथे गोकाक आठवेल. घटप्रभेच्या धबधब्याच्या बळावर गोकाकची सूतगिरणी चालू लागली तो काळही हाच, १८८७ च्या आसपासचा.

खरे कौतुक करावे ते मात्र पाण्याच्या निर्मळपणाचे. निपाणी जवाहर तलावाचे पाणी पिते, बेळगाव राकसकोपचे. जिनिव्हाच्या नळांनाही बहुतांश पाणी याच सरोवरातून येते. पण ते आपोआप स्वच्छ राहिलेले नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत सांडपाण्यातील आणि धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटमुळे सरोवरात शेवाळ माजले होते, तळाशी प्राणवायू कमी पडत होता. सरोवर दोन देशांत विभागलेले असल्याने एकट्याने उपाय करणे शक्य नव्हते. त्यासाठी स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांनी संयुक्त आयोग स्थापन केला, सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे उभी राहिली, आणि १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट वापरण्यास बंदी केली. म्हादई, मार्कंडेय आणि वेदगंगा या नद्या ज्यांच्या रोजच्या बातम्यांत असतात त्यांनी या इतिहासाकडे थोडे थांबून पाहावे.

पाहण्यासारखी जागा निवडायची तर ‘बँ दे पाकी’ हा सार्वजनिक स्नानाचा धक्का निवडावा. १९३० च्या दशकातील हे स्नानगृह पाडून नवे बांधण्याचा बेत नगरप्रशासनाने आखला होता. १९८८ मध्ये नागरिकांनी मतदान घेऊन तो हाणून पाडला. अल्प शुल्कात आत जाऊन पोहता येते, आणि महागड्या शहरात परवडणारे जेवण मिळण्याच्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे. दुसरी जागा ‘जोंक्सियों’. तेथे सरोवरातून निघालेली निळीशार ऱ्होन आणि हिमपर्वतांतील गाळ घेऊन आलेली राखाडी आर्व या नद्या एकत्र येतात आणि बरेच अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहत राहतात. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहिलेल्या डोळ्यांना हे दृश्य परके वाटत नाही.

जुने शहर टेकडीवर आहे. सेंट पीटरच्या चर्चमध्ये सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन प्रवचने देत असे. त्याच्या शिस्तीने हे शहर प्रोटेस्टंट पंथाचे केंद्र बनले. मनोऱ्यावर चढून गेल्यास शहर, सरोवर आणि हवा निरभ्र असेल तर माँ ब्लाँचे शिखरही दिसते. टेकडीच्या पायथ्याशी बास्तियाँ उद्यानात धर्मसुधारकांची सुमारे शंभर मीटर लांबीची दगडी भिंत आहे. त्याहून अधिक सांगण्याची येथे गरज नाही. प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत ते असते.

खर्च आणि कागदपत्रे

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम त्या देशाकडे अर्ज करावा, हा नियम सहलीची आखणी करतानाच ध्यानात ठेवावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर तो ढकलू नये. गोव्यातील पोर्तुगीज पारपत्रधारकांना ही यातायात नाही. त्याच घरातील भारतीय पारपत्र असलेल्या माणसाला मात्र आहे, आणि त्यातून होणारे घरगुती विनोद गोव्याला नवे नाहीत.

भारतातून जिनिव्हाला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीहून झुरिच गाठून तेथून सुमारे पावणेतीन तासांत रेल्वेने जिनिव्हाला येणे हा सोयीचा मार्ग. निपाणीच्या प्रवाशाला, ज्याच्या गावाला अद्याप रेल्वेच नाही, विमानतळाच्या तळघरातच सुटणारी गाडी पाहून जे वाटते ते समजण्यासारखे आहे.

शहर महाग आहे. हे सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. उपाहारगृहात दोन वेळा जेवायचे ठरवले तर चौकोनी कुटुंबाचा अंदाज पहिल्याच दिवशी कोलमडतो. त्यावर उपाय स्थानिक लोकच करतात. मिग्रो आणि कोप या साखळी दुकानांतून पाव, चीज, फळे, दही घ्यावे आणि सरोवराकाठच्या बाकावर जेवावे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. रस्त्यांवरील दगडी हौदांचे पाणी, तसे लिहिलेले असेल तर, पिण्यास उत्तम असते. रविवारी स्थानक आणि विमानतळ सोडून बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारीच शिधा घेऊन ठेवावा. हॉटेलात किंवा वसतिगृहात उतरलेल्या प्रवाशाला ‘जिनिव्हा ट्रान्सपोर्ट कार्ड’ विनामूल्य मिळते. त्यावर मुक्कामभर ट्राम, बस आणि शहरातील रेल्वे चालते, एवढेच नव्हे तर सरोवर ओलांडणाऱ्या पिवळ्या लहान बोटीही. नौकाविहारासाठी वेगळे तिकीट काढण्याआधी या बोटीत एकदा बसून पाहावे. तेच पाणी, तेच कारंजे.

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. हिवाळ्यात ‘बीझ’ नावाचा ईशान्येचा वारा सरोवरावरून असा काही झोंबतो, की काठावरच्या कठड्यांवर उडालेले पाणी गोठून त्यांचे बर्फाचे शिल्प होते.

चढावरचे शहर

कॉर्नाव्हाँ स्थानकापासून ट्राम उत्तरेला जाते आणि ‘प्लास दे नासियाँ’ येथे, म्हणजे राष्ट्रांच्या चौकात, थांबते. चौकात बारा मीटर उंचीची लाकडी खुर्ची उभी आहे. तिचा एक पाय तुटलेला आहे. शिल्पकार डानिएल बेर्से यांनी ती १९९७ मध्ये भूसुरुंगांच्या बळींसाठी केली. समोर देशोदेशींच्या ध्वजांची रांग आणि तिच्या टोकाला पाले दे नासियाँ, संयुक्त राष्ट्रांचे युरोपातील मुख्य कार्यालय. मूळ इमारत राष्ट्रसंघासाठी १९२९ ते १९३८ या काळात बांधली गेली. ही जमीन शहराला देणाऱ्या गृहस्थाने मृत्युपत्रात एक अट घातली होती: उद्यानात मोर मोकळे फिरले पाहिजेत. ते आजही फिरतात. आतील फेरीसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते आणि पारपत्र जवळ हवे. शनिवार-रविवारचा भरवसा धरू नये.

जवळच रेडक्रॉसचे संग्रहालय आहे. आंरी द्युनाँ या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याने १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमींचे हाल पाहिले, त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉस आणि पुढच्या वर्षी पहिला जिनिव्हा करार आकाराला आला. संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या नोंदींची सुमारे साठ लाख कार्डे जपलेली आहेत. कैदी कुठे आहे, जिवंत आहे का, हे घरच्यांना कळवण्यासाठी हाताने लिहिलेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या बेळगावात शंभरहून अधिक वर्षे आहे, तेथील माणूस या दालनातून लवकर बाहेर पडू शकत नाही. १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यानंतर जे सैन्य तुर्कांच्या हाती सापडले, त्यात मराठा पलटणी होत्या.

आता तंबाखूकडे. चौकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर दोन इमारती आहेत. एक आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची. पर्यटकांच्या पुस्तिका त्यांना क्वचितच ओळ देतात, आणि आत हिंडायची सोयही फारशी नाही. त्या बाहेरूनच पाहायच्या आहेत. पण काय पाहतो आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

निपाणी परिसरात पिकते ती विडीची तंबाखू. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी तंबाखू मंडळाचे लिलाव असतात, तसा आधार या तंबाखूला नाही. शेतकरी आणि व्यापारी यांच्यातील व्यवहारातच तिचा दर ठरत आला. त्या दरासाठी १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. १४ मार्चला सुरू झालेले ते आंदोलन तीन आठवड्यांहून अधिक चालले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. सीमाभागाच्या स्मृतीत हा दिवस आजही आहे. त्याच सुमारास, प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने, वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियाही संघटित होत होत्या. नाकातोंडावर पदर बांधून दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या या कामगार स्त्रियांवर ‘युगांतर’ या चित्रपट गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला; निपाणीचे नाव त्यामुळे देशाबाहेरच्या पडद्यांवरही पोहोचले.

या स्त्रियांपैकी ज्या घरी बसून विड्या वळत, त्यांची अडचण अशी की कायद्याच्या भाषेत त्या धड कामगारही नसत आणि धड मालकही नसत. हा प्रश्न जिनिव्हाला गेला. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि जून १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा करार, क्रमांक १७७, संमत केला. घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, हे त्याचे सार. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. मराठी माणसासाठी या संघटनेशी नाते जोडणारा आणखी एक धागा आहे. कोकणातील गोरेगावचे, पुढे मुंबईचे कामगार पुढारी झालेले नारायण मल्हार जोशी हे १९१९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेपासून भारतीय कामगारांची बाजू मांडत होते, आणि नंतरच्या काळात जिनिव्हाच्या वाऱ्या त्यांना नित्याच्या झाल्या होत्या.

दुसरी इमारत आरोग्य संघटनेची. २१ मे २००३ रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाचा आराखडा करार संमत केला. भारताने त्याला फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता दिली. आज १८० हून अधिक पक्ष त्यात आहेत. पाकिटांवरील भीतीदायक चित्रे, जाहिरातींवरील बंदी, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील निर्बंध, या साऱ्याला या कराराने जागतिक आधार दिला. गोव्याच्या वाचकाला येथे थोडा अभिमान वाटण्यास हरकत नाही, कारण धूम्रपान आणि थुंकण्यावरील निर्बंधांचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला होता. भारतात एप्रिल २०१६ पासून विडीच्या बंडलावरही ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला द्यावी लागू लागली, तेव्हा विडी उद्योगातून देशभर विरोध झाला.

कराराचा हेतू चुकीचा होता असे कुणी म्हणू शकणार नाही. तंबाखूने होणारा कर्करोग निपाणीच्याही घरांना ठाऊक आहे. पण त्याच करारातील सतरावे कलम असे सांगते, की तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना, कामगारांना आणि किरकोळ विक्रेत्यांना परवडणारे पर्यायी उत्पन्न मिळावे यासाठी राष्ट्रांनी प्रयत्न करावेत. पाकिटावरचे चित्र गावात लगेच पोहोचले. हे कलम मात्र त्या वेगाने पोहोचलेले दिसत नाही. ऊस, सोयाबीन, भाजीपाला यांकडे निपाणीचा शेतकरी वळला असेल तर तो पाण्याच्या आणि दराच्या हिशेबाने वळला. पाणी नसलेल्या काळ्या रानात तंबाखू सोडून काय लावायचे, हा प्रश्न विचारणाऱ्याला आरोग्याचा शत्रू समजणे अन्यायाचे आहे.

शिवाय यजमान देशाचीच गोष्ट पाहा. ज्या स्वित्झर्लंडच्या भूमीवर हा करार झाला, त्याने २००४ मध्ये त्यावर सही केली, पण मान्यता आजतागायत दिलेली नाही. जगातील एका मोठ्या सिगारेट कंपनीचे आंतरराष्ट्रीय मुख्यालय याच जिनिव्हात, राष्ट्रांच्या चौकापासून फार दूर नसलेल्या एका भव्य काचेच्या इमारतीत आहे; दुसऱ्या एका कंपनीचे मोठे कार्यालय सरोवराकाठीच, लोझानला आहे. मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालावी, असा कौल स्विस मतदारांनी दिला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. निपाणीच्या विडीवर चित्र आले त्यालाही तेव्हा बरीच वर्षे झाली होती. पर्यटकाने ही काचेची इमारत आणि आरोग्य संघटनेची इमारत एकाच दुपारी पाहाव्यात. दोहोंमधले अंतर चालण्यासारखे आहे.

बर्नची गाडी

मुक्कामात एक दिवस मोकळा असेल तर तो बर्नसाठी ठेवावा. जिनिव्हाहून पावणेदोन तासांचा हा रेल्वेप्रवास सीमाभागातील माणसाला एका वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहील. लोझान मागे टाकून गाडी फ्रिबूरपर्यंत येते आणि त्यानंतर घोषणा फ्रेंचऐवजी जर्मनमध्ये होऊ लागतात. स्थानकांच्या पाट्या बदलतात. स्वतः फ्रिबूर द्विभाषक आहे. त्याच्या स्थानकावर दोन्ही नावे लिहिलेली असतात. या पाटीवरून कुणाचे डोके फुटत नाही, हे बेळगावच्या प्रवाशाने पाहिले की तो काही क्षण गप्प होतो.

भाषेचा तंटा तेथे नव्हताच असे मात्र समजू नये. बर्न या जर्मन बहुसंख्येच्या प्रांतात ज्युरा भागातील फ्रेंच भाषक दीर्घकाळ असंतुष्ट होते. १९७४ मध्ये त्यांचे मत घेण्यात आले, पुढच्या वर्षी जिल्ह्यांचे आणि मग सीमेवरील गावांचे; १ जानेवारी १९७९ रोजी ज्युरा हा स्वतंत्र प्रांत झाला. मूतिए हे गाव तेव्हा बर्नमध्येच राहिले होते. २०१७ मध्ये त्याने १३७ मतांच्या फरकाने ज्युराकडे जाण्याचा कौल दिला, तो रद्द ठरला, २०२१ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून हे गाव ज्युरात आले. खेडे हा घटक धरावा, ही मागणी सीमाभागाने १९५६ पासून लावून धरली आहे. महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली, महाराष्ट्राने ती नाकारली, आणि २००४ मध्ये दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. गोव्याने मात्र १९६७ च्या जनमत कौलात स्वतःचा प्रश्न मतपेटीतून सोडवलेला आहे, त्यामुळे ज्युराची गोष्ट गोवेकराला सीमाभागातील माणसापेक्षा कदाचित लवकर कळेल. दोन्ही देशांची तुलना ताणू नये. स्विस प्रांतांतील गावे लहान, आणि मतदानाची सवय शतकांची.

बर्नमध्ये स्थानकापासून काही मिनिटांवर ‘क्लाइने शान्झे’ नावाचे उद्यान आहे. तेथे पृथ्वीगोलाभोवती पाच खंडांच्या पाच आकृती एकमेकींच्या हाती पत्रे देत असल्याचे एक शिल्प आहे, १९०९ सालचे. जागतिक टपाल संघाचे हे स्मारक. त्या संघाच्या बर्नमधील मुख्यालयात भारतीय टपाल सेवेतील एक अधिकारी १९६८ ते १९७७ अशी नऊ वर्षे नोकरीस होता. पगार उत्तम, शहर टुमदार, दोन तासांच्या आत सरोवर. ती नोकरी सोडून तो भारतात परतला, चाकणजवळ आंबेठाणला त्याने कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून पाहिली. शेतीचे हिशेब जुळेनात तेव्हा ते का जुळत नाहीत याचा शोध त्याने घेतला. चार वर्षांनी तो निपाणीच्या महामार्गावर तंबाखू शेतकऱ्यांसमोर उभा होता. ते शरद जोशी. बर्नच्या उद्यानात त्यांचा उल्लेख कुठेही नाही. तो असण्याचे कारणही नाही.

परतीच्या गाडीत डावीकडची खिडकी धरावी. लोझानच्या अलीकडे बोगदा संपतो आणि लावोच्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या, त्यांच्याखाली पसरलेले सरोवर आणि पलीकडचे फ्रान्सचे पर्वत एकदम समोर येतात. बर्नकडून प्रथमच येणारा माणूस येथे परतीचे तिकीट खिडकीबाहेर टाकून देतो, अशी त्या भागात जुनी म्हण आहे. आताच्या वातानुकूलित डब्यांच्या खिडक्या उघडत नाहीत.